नाताळ छापणारा माणूस

१८७३ चा उन्हाळा. तुम्ही व्हिएन्नात आहात. प्राटरच्या मैदानात जगभरचा माल मांडलेल्या त्या प्रचंड प्रदर्शनात शिरलात, की कानावर पहिली पडते ती कुरकुर. मे महिन्याच्या एक तारखेला प्रदर्शन उघडलं आणि नऊ तारखेला शहराचा शेअरबाजार कोसळला. त्यामागोमाग पटकी आली. दालनांत माल उदंड आणि माणसं बेताची. एका अर्थी तुमची सोयच झाली, धक्काबुक्कीशिवाय बघता येतंय.

अमेरिकेच्या दालनात एका छापखान्याची मांडणी आहे. तिथला पोरगा सवयीनं तुमच्या हातावर एक कार्ड ठेवतो. धंद्याचं कार्ड घ्यायचं, खिशात टाकायचं आणि कपडे धुताना त्याचा लगदा बाहेर काढायचा, ही आपली रीत. हे कार्ड मात्र खिशात जात नाही. त्यावर फुलांची एक डहाळी आहे. पाकळीच्या कडेला रंग पातळ होत गेलाय, कुंचल्यानं पाणी ओढल्यासारखा. तुम्ही अंगठ्यानं घासून बघता. निघत नाही. शेजारच्या गृहस्थाच्या हातातही तीच डहाळी, तीच कड, तोच पातळपणा. म्हणजे छापलेलं आहे. नाव वाचता : एल. प्रँग आणि कंपनी, बॉस्टन.

पुढची गोष्ट धंद्यात सांगतात ती अशी. ही फुलांची कार्डं पाहून प्रँगच्या लंडनमधल्या एजंटाच्या बायकोनं म्हणे सुचवलं, की नावाच्या जागी नाताळच्या शुभेच्छा छापल्या तर? बाईंचं म्हणणं मनावर घेतलं गेलं. थोड्याच काळात तशी कार्डं आधी इंग्लंडच्या दुकानांत गेली आणि १८७५ च्या सुमारास अमेरिकेच्या. लुई प्रँगला ‘अमेरिकन नाताळकार्डाचा जनक’ म्हणतात ते यावरून. जगातलं पहिलं छापील नाताळकार्ड त्याचं नव्हे. ते तीस वर्षं आधी, १८४३ मध्ये, लंडनच्या हेन्री कोलनं काढलं होतं. चित्र जॉन हॉर्सलीचं, प्रती हजारभर, रंग हातानं भरलेले, किंमत एक शिलिंग. ‘जनक’ हे बिरुद वाटताना लोकांचा हात फार सैल असतो, त्यामुळे मी ते बाजूला ठेवतो. ती पाकळीची कड छापायला हा माणूस कुठं शिकला, ते बघायला तुम्हाला मागं जावं लागेल.

ब्रेस्लाऊ. प्रशियाच्या राज्यातलं सायलेशिया. आज हे गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. साल १८३७-३८ धरा. सुती कापडावर छपाई करणाऱ्या कारखान्यात तुम्ही उभे आहात आणि रंगाच्या वाफेनं डोळे चुरचुरताहेत. कोपऱ्यात तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा बापाच्या हाताखाली काम शिकतोय. प्रकृती तोळामासा, म्हणून शाळा फारशी झालेली नाही. जे शिकला ते इथंच : रंग कसा शिजवायचा, ठसा कसा कोरायचा, कापडावर कसा उमटवायचा. लाल रंगाचा ठसा वेगळा, निळ्याचा वेगळा, पानांच्या हिरव्याचा तिसरा. एक ठसा सूतभर सरकला की फूल देठावरून उडतं आणि अख्खा ताका वाया. एक चित्र म्हणजे अनेक अर्धवट चित्रं, नेमक्या जागी एकावर एक बसवलेली. पुढे आयुष्यभर त्यानं हेच केलं. कापडाच्या जागी कागद आला आणि लाकडाच्या जागी दगड, इतकाच फरक.

पुन्हा त्याला शोधायला जाता तेव्हा पोलीसही त्याला शोधताहेत. १८४८ साली युरोपभर राजांविरुद्ध उठाव झाले आणि बोहेमियात फिरून, कारखाने पालथे घालून आलेला हा चोवीस वर्षांचा तरुण त्यांत ओढला गेला. उठाव बुडाला. प्रशियाचं सरकार मागं लागल्यावर प्रँग स्वित्झर्लंडला निसटला आणि १८५० च्या वसंतात बोटीतून अमेरिकेत उतरला. ‘अठ्ठेचाळीसवाले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा जर्मन निर्वासितांची तिथं मोठी भाऊगर्दी होती. वकील, संपादक, वैद्य, सगळे एकदम नव्या देशात आणि सगळ्यांचं इंग्रजी तुटकं.

बॉस्टनमधली त्याची पहिली वर्षं तुम्हाला बघवणार नाहीत. इमारतींच्या चित्रांचं पुस्तक काढलं, चाललं नाही. चामड्याच्या वस्तू केल्या. सचित्र साप्ताहिकासाठी लाकडावर चित्रं कोरली. १८५१ मध्ये रोझा गेर्बर या स्विस मुलीशी लग्न झालं होतं, त्यामुळे घरही चालवायचं होतं. अखेर १८५६ मध्ये ज्यूलिअस मेयर नावाच्या भागीदाराबरोबर त्यानं शिळाछापखाना थाटला. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत चार रंगांतला गुलाबांचा एक गुच्छ होता.

जरा १८५६ पाशीच थांबा, कारण योगायोग गमतीचा आहे. तुम्ही ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये उभे आहात, तिथं सतराव्या शतकात नाताळ साजरा करणं गुन्हा होता. १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. प्युरिटन मंडळींच्या मते बायबलात या सणाला आधार नव्हता. कायदा गेला तरी करडेपणा पुढं पावणेदोनशे वर्षं टिकला. दुकानं उघडी, कचेऱ्या चालू. या राज्यानं नाताळची सुट्टी कायद्यानं मान्य केली ती १८५६ मध्ये. ज्या वर्षी नाताळला सरकारी मान्यता मिळाली, त्याच वर्षी त्याला पुढे रंगरूप देणारा माणूस त्याच राज्यात, बॉस्टनला, दगड घासत बसला होता. दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

१८६० मध्ये मेयर बाजूला झाला आणि धंदा एकट्या प्रँगचा झाला. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. बड्या छापखान्यांची गिऱ्हाइकं पळाली. प्रँगला मात्र या काळानं हात दिला. १८६२ मध्ये तुम्ही बॉस्टनच्या एखाद्या घरात संध्याकाळी डोकावलात तर जेवणाच्या मेजावर व्हर्जिनियाचा नकाशा पसरलेला दिसेल. सोबत तांबडी आणि निळी पेन्सिल. तारेनं आलेली बातमी वर्तमानपत्रात वाचायची आणि आपलं सैन्य कुठं पोचलं, त्यांचं कुठं, ते आपल्या हातानं नकाशावर ओढायचं. ज्यांची मुलं आघाडीवर आहेत, ते बाप रोज रात्री ही पेन्सिल हातात घेतात. रेघ मागं सरकली की खोडायची सोय नाही. हा नकाशा प्रँगचा. कागदाच्या तुकड्यात विकत घेणाऱ्याचं मन कुठं अडकेल, हे त्याला तेव्हापासून कळत होतं.

याच काळात त्यानं विन्स्लो होमर या तरुण चित्रकाराकडून छावणीतल्या सैनिकांच्या गमतीजमतींची छोटी कार्डं करून घेतली. फुलं, पक्षी, फुलपाखरं यांचीही तळहाताएवढी चित्रं निघत होती. लोक ती पाकिटानं विकत घेऊन वहीत चिकटवत. म्हणजे कार्डाची सवय लोकांना नाताळच्या दहा वर्षं आधीच लागली होती. १८६४ मध्ये प्रँग युरोपला गेला, ज्या मुलखातून पळ काढला होता तिथं रंगीत शिळाछापातलं ताजं कसब बघायला. परत आला तो तैलचित्रांच्या हुबेहूब प्रती काढायच्या या ध्यासानं. १८६६ मध्ये आर्थर टेटच्या चित्रावरून केलेली कोंबडीची पिल्लं तुफान खपली, आणि १८६७ मध्ये बॉस्टनलगतच्या रॉक्सबरीत त्याचा मोठा कारखाना उभा राहिला.

आता या कारखान्यात शिरा आणि इथं घाई करू नका. साल १८८१, दिवस उन्हाळ्याचे. डिसेंबरातला नाताळ इथं घामाच्या धारांत छापला जातो, कारण माल दुकानांत पोचायला आणि त्याआधी तो वाळायला महिने लागतात. तुम्हाला ताव लावणाऱ्याचं काम मिळालंय. जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि ओला दगड यांचा वास दोन दिवसांत नाकाला कळेनासा होतो.

दगड बव्हेरियातल्या झोलनहोफेनचे. फिकट, पिवळसर चुनखडीचे, इतके बारीक कणांचे की घासल्यावर हाताला रेशमासारखे लागतात. मोठा दगड उचलायला दोन माणसं लागतात. तत्त्व साधं आहे : तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. चित्रकार तेलकट खडूनं दगडावर उलटं चित्र काढतो. मग डिंक आणि सौम्य आम्ल यांचा हात फिरवतात. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी धरतं, खडूच्या जागी धरत नाही. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूला चिकटते. कागद ठेवून दाब दिला, की झालं. ही युक्ती आलोइस झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या शेवटी शोधली, आणि असं म्हणतात की तो नाटककार होता, आपली नाटकं स्वस्तात छापायची सोय बघत होता.

एका रंगाचं हे एवढं. आता डझनभर रंगांचं कार्ड घ्या. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि प्रत्येक दगडावर त्या चित्राचा तेवढाच अंश. माडीवर उत्तरेच्या उजेडात दगडांवर चित्र उतरवणारे कारागीर बसलेत. त्यांच्याकडे मान वळवून बघाच. त्यांच्या हातातला खडू काळा आहे. गुलाबी रंगाचा दगडही काळा, हिरव्याचाही काळा. समोरच्या मूळ चित्रातल्या एका पाकळीत पिवळा किती, त्यावर फिकट गुलाबी किती, त्यावर करडा किती, हा हिशेब सगळा डोक्यात. जे काढतोय ते त्याला आठवडे गेल्याशिवाय दिसणारच नाही.

खाली यंत्रावर तुमची कसोटी वेगळी. एका दगडावर तेच कार्ड पुन्हा पुन्हा उतरवलेलं असतं, म्हणजे एका तावात अनेक कार्डं निघतात. आधी फिके रंग, मग गडद. पिवळा छापला की ताव वाळायला जातो. वाळला की पुढचा रंग. दरवेळी ताव त्याच्या नेमक्या जागी बसला पाहिजे. ही नेमकी जागा, म्हणजे रजिस्टर, चुकली की फुलाला दोन कडा दिसतात. दमट दिवशी कागद किंचित फुगतो, कोरड्या दिवशी आक्रसतो आणि बाराव्या रंगाला सगळं गणित हुकतं. पहिले सहा रंग चित्र चित्रासारखं दिसतच नाही, नुसते डाग. आठव्या-नवव्याला अचानक पान पान होतं. जुने मशीनमन त्या क्षणाकडे ढुंकूनही बघत नाहीत. तुम्ही मात्र यंत्र थांबवून बघता आणि मुकादमाच्या शिव्या खाता.

शेजारच्या मोठ्या खोलीत बायका ओळीनं बसल्यात. त्यांच्यासमोर रेशमी झालरींची रिळं आहेत. दोन कार्डं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि मध्ये चारी बाजूंनी झालर सोडायची, ही या दशकातली फॅशन. कार्ड असं दिसतं की जणू एखाद्या छोट्या गादीला शुभेच्छा फुटल्यात. मला ही झालर कधीच आवडली नाही. पण तिनं गिऱ्हाइकाला वेड लावलं होतं एवढं खरं. या काळात कारखान्यातून वर्षाला ५० लाखांच्या घरात नाताळकार्डं बाहेर पडत, असं सांगतात.

तुम्ही कार्ड उलटून सुलटून बघता आणि काहीतरी चुकतंय असं वाटतं. बर्फ कुठाय? सांताक्लॉज? प्रँगच्या सुरुवातीच्या नाताळकार्डांवर बहुतेक फुलंच आहेत, काळ्या किंवा तांबड्या पार्श्वभूमीवर. मे महिन्यात उमलणारी फुलं डिसेंबरच्या शुभेच्छा देतात. बर्फ तर खिडकीबाहेर फुकट पडलेला असतो, त्यासाठी कोण पैसे मोजणार, असा त्यामागचा विचार असावा असं मला वाटतं.

याच वर्षांत इकडं आपल्याकडेही हेच दगड घासले जात होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली ती १८७८ मध्ये. तिथली देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची शिळाछाप चित्रं घरोघर गेली. राजा रविवर्म्यांचा मुंबईतला छापखाना १८९४ चा. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. आजीच्या देवघरात जी लक्ष्मी कमळात उभी होती, तिच्या हाताचा गुलाबीसुद्धा असाच थरावर थर देऊन आलेला. आणि तिच्यावरची टीकाही तीच : बाजारी चित्र, कॅलेंडरावरची कला.

ती टीका प्रँगनं आयुष्यभर खाल्ली. १८६६ मध्येच ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’च्या क्लॅरन्स कुकनं त्याच्या छापील चित्रांना धारेवर धरलं. प्रँग गप्प बसला नाही, त्यानं वर्तमानपत्रातच उत्तर दिलं. १८६८ पासून आपल्या छापचित्रांच्या प्रचारासाठी स्वतःचं पत्र चालवलं, त्यात नामवंतांची कौतुकाची पत्रं छापली. जाहिरात होतीच, पण श्रद्धाही होती. १८७४ मध्ये ‘द नेशन’चा संपादक गॉडकिन यानं सगळ्या उथळ अमेरिकी सुसंस्कृतपणालाच ‘क्रोमो संस्कृती’ म्हणून हिणवलं. क्रोमो म्हणजे प्रँगचा माल.

या विद्वानांना उत्तर द्यायचं तर १८७० मध्ये रोचेस्टर किंवा वॉशिंग्टनमधल्या एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात जा. त्या वर्षी हायरम रेव्हल्स हा अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसणारा पहिला कृष्णवर्णीय माणूस ठरला आणि प्रँगनं टेओडोर काउफमनच्या चित्रावरून त्याची रंगीत तसबीर छापली. गुलामीतून निसटून देशाचा सर्वांत मोठा वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लसला तिची प्रत मिळाली, तेव्हा त्यानं प्रँगला पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा : आजवर आमच्या माणसांची चित्रं निघाली ती टिंगलीसाठी, हा चेहरा माणसाचा आहे. आमच्या घरांच्या भिंती गुलामीत उघड्या होत्या, आता त्यांवर चित्र लागेल. कुकनं आणि गॉडकिननं ही भिंत हिशेबात धरलीच नव्हती. त्यांच्या घरी तैलचित्रं होती.

आता १८८० चा जून. न्यू यॉर्क, अमेरिकन आर्ट गॅलरी. नाताळकार्डांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे आणि तुम्ही चक्क रांगेत आहात. प्रँगनं स्पर्धा लावलीय : पहिलं बक्षीस १००० डॉलर, मग ५००, ३०० आणि २००. परीक्षक सॅम्युएल कोलमन हा चित्रकार, रिचर्ड मॉरिस हंट हा त्या काळचा बिनीचा वास्तुविशारद आणि टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीचा एडवर्ड मूर. ज्या वस्तूची जागा आठ दिवसांनी केराच्या टोपलीत, तिच्यासाठी असं परीक्षक मंडळ! गॅलरीत आजूबाजूच्या माणसांच्या भुवया उंचावलेल्या आहेत. कुणाला वाटतं कलेचा अपमान झाला, कुणाला वाटतं कार्डाचा उद्धार झाला. प्रँगला बहुधा दोन्ही अर्थ चालणारे होते. त्या वर्षी देशभर या स्पर्धेची चर्चा झाली, आणि चर्चा कार्डं विकते.

पहिलं बक्षीस रोझिना एमेट या पंचविशीतल्या तरुणीला मिळालं, चौथं ॲन मॉर्सला. चारातली दोन बक्षिसं बायकांना. त्या काळात मोठ्या प्रदर्शनांत बाईचं चित्र लागलं तरी ते कोपऱ्यात लागे. प्रँगच्या पगारपत्रकावर आणि त्याच्या कार्डांखाली मात्र ऑलिव्ह व्हिटनी, फिडेलिया ब्रिजेस, लिझबेथ हम्फ्री, डोरा व्हीलर अशी नावं सारखी दिसतात. या बाबतीत तो काळाच्या पुढं होता असं म्हणण्याचा मोह होतो, पण मला वाटतं तो व्यवहारीही होता. फुलं उत्तम रंगवणारे हात त्याला हवे होते आणि ते हात बाहेर कुणाला नको होते. त्यानं पैसे मोजले, नाव दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा. एलिह्यू व्हेडरसारख्या बड्या चित्रकारानं पहिला क्रमांक घेतला. समीक्षकांनी निकालावर नाकं मुरडली, तेव्हा प्रँगनं त्यावर तोडगा काढला : बक्षिसांचे दोन संच. एक चित्रकारांच्या मतानं, दुसरा बघायला आलेल्या लोकांच्या मतानं. १८४८ मध्ये ज्या मताधिकारासाठी त्याच्या पिढीनं मार खाल्ला, तो त्यानं इथं कार्डांवर देऊन टाकला.

खरं सांगायचं तर बक्षीस मिळवलेली कार्डं मला जड वाटतात. नक्षीदार चौकटी, उभ्या-आडव्या पट्ट्या, सोनेरी पार्श्वभूमी, त्यात देवदूत. टपालात टाकायचा जीव होऊ नये इतकी ती भारदस्त झाली. व्हिएन्नातल्या त्या डहाळीत होता तो हलकेपणा हजार डॉलरनी मिळत नाही. पण प्रँगचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याच्या लेखी ते कार्ड म्हणजे पाच-पन्नास सेंटांत घरी जाणारं चित्र होतं, आणि चित्र करायचं तर पूर्ण करायचं.

हाच हट्ट दुसऱ्या बाजूनं शाळांत गेला. मॅसॅच्युसेट्सनं १८७० मध्ये शाळांत चित्रकला सक्तीची केली, तेव्हा वह्या, नमुने, घनाकृती ठोकळे आणि जलरंगाच्या पेट्या पुरवणारा प्रँग होता. १८८२ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनीच काढली. त्या कामात त्याच्याबरोबर असलेल्या मेरी डाना हिक्स या शिक्षणतज्ज्ञ बाईंशी, रोझा गेल्यानंतर, त्यानं १९०० मध्ये लग्न केलं. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. अमेरिकेतल्या कित्येक मुलांच्या रंगपेटीवर आजही प्रँगचं नाव असतं आणि तो माणूस कोण होता, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही.

कारखान्यातल्या दगडांचा सर्वांत वेडा उपयोग तर अजून व्हायचा होता. बाल्टिमोरच्या विल्यम वॉल्टर्सनं जमवलेल्या चिनी-जपानी चिनीमातीच्या भांड्यांचा ग्रंथ छापायला प्रँगनं घेतला. ११६ रंगीत चित्रं, एकेका चित्राला वीस ते चव्वेचाळीस दगड. एका फुलदाणीच्या काचेसारख्या झिलईवर पडलेला खिडकीचा उजेड पकडायला चव्वेचाळीस वेळा ताव यंत्रात घालायचा! प्रती पाचशे. काम वर्षानुवर्षं चाललं आणि १८९७ मध्ये ग्रंथ पुरा झाला, तोवर फोटोवरून ठसे करण्याचं तंत्र दाराशी येऊन उभं होतं. त्याच वर्षी प्रँगची कंपनी टेबर या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. लिलावात मूळ चित्रं विकली गेली. १९०९ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात असताना प्रँग वारला.

पण कार्डांचा निकाल त्याच्या बराच आधी लागला होता आणि तो लागला तेव्हा तुम्ही हजर होतात. डिसेंबर १८९१, बॉस्टन, वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं स्टेशनरीचं दुकान. बाहेर चिखल आणि बर्फ यांचा काला झालाय. तुम्ही एका कचेरीत कारकून आहात. बहिणी, मेहुणे, जुने शेजारी, मुलाची शिक्षिका, अशी यादी खिशात आहे आणि पाकिटात मोजके पैसे. काचेच्या कपाटात प्रँगची गेल्या सालची उरलेली काही कार्डं आहेत. त्यानं नाताळकार्डं छापणं बंद केलंय, दुकानदार सांगतो. तुम्ही एक बाहेर काढायला लावता. हातात घेऊन बघता : पाकळीची कड, पातळ होत गेलेला रंग. किंमत विचारता आणि परत ठेवता.

कपाटावर उघड्या टोपल्यांत दुसरी कार्डं पडलीत. ठसठशीत उठावाची, कडा कातरलेली, चकाकणारी. रंग जरा भडक, लाल आहे तो नुसता लाल. पण एकाच्या किमतीत मूठभर येतात, आणि मुलांना ती जास्त आवडतील हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही एक उलटून बघता. परदेशी मालावर तो कुठल्या देशाचा ते छापलंच पाहिजे असा कायदा गेल्या वर्षी झालाय, त्यामुळे मागच्या बाजूला अगदी खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे : जर्मनी.

“किती देऊ?” दुकानदार विचारतो.

तुम्ही यादी बघता. “डझनभर. आणि ती मांजराचीपण दोन घाला.”